सापडलं तर उसवायचं

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. आईकडून आम्हा दोघी बहिणींना दोन गोष्टी मिळाल्या. राग सगळा माझ्या वाट्याला आला आणि हातातलं कसब सगळं धाकटीच्या. आमचं रफूचं दुकान आहे, खाली दुकान आणि वर आम्ही राहतो. कोटाला सिगारेटने भोक पडलं, स्वेटरला कसर लागली, पॅंट खिळ्यात अडकून फाटली, की लोक आमच्याकडे येतात. आम्ही ठिगळ लावत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोन-चार धागे काढायचे आणि त्या धाग्यांनी भोकाच्या जागी कापड पुन्हा विणायचं, एक धागा वरून, एक खालून. काम नीट झालं, तर ज्याचा कोट त्यालाही भोक कुठे होतं ते सांगता येत नाही.

आणि नीट झालं की नाही हे ठरवायचा आमच्या दुकानाचा एक कायदा आहे. आईने घातलेला. जिने रफू केलं तिने ते तपासायचं नाही. दुसरीने डोळे मिटून कापडावर बोटं फिरवायची. काहीच लागलं नाही, तर "नाही सापडत" म्हणायचं आणि कपडा इस्त्रीला द्यायचा. लागलं, तर "सापडलं" म्हणायचं. सापडलं की उसवायचं. त्यावर वाद नाही, रुसवा नाही, "एवढं चालवून घे" नाही.

आईच्या बोटांची कातडी सुया टोचून टोचून इतकी टणक झाली होती, की ती स्वतः ओठाने तपासायची. कापड वरच्या ओठाला लावायची आणि हळूहळू सरकवायची. धाकटी चार-पाच वर्षांची असताना शेजारच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन सांगून आली होती, "आमची आई लोकांच्या पॅंटींचे मुके घेते." चष्मेवाल्या बाई अजून ते आठवून हसतात.

गेल्या वीस वर्षांत धाकटीने माझं रफू किती वेळा पकडलं त्याचा हिशेब नाही. मी तिचं पकडलं ते दोनदा, आणि त्यातल्या एकदा तिला ताप होता.

या उन्हाळ्यात तिच्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली. आधी वाटलं, मान अवघडली असेल. मग मान खाली घातली की पाठीतून थेट पायापर्यंत झिणझिण्या जायला लागल्या. आमच्या धंद्यात मान खाली घातल्याशिवाय काही होत नाही. त्यात इस्त्रीच्या वाफेजवळ गेली की तिचे पाय लटपटायचे. मी म्हटलं, चल डॉक्टरकडे. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात बघू. मग मी आवाज चढवला आणि आम्ही त्याच दिवशी गेलो.

मेंदूच्या डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी सुई टोचून पाहिली, चालायला लावलं, रक्त काढलं, स्कॅन करून घेतला. मानेतल्या मज्जारज्जूवर एक डाग होता. मेंदूत एक बारीक ठिपका होता, पण त्याची त्यांना खात्री नव्हती.

"मल्टिपल स्क्लेरोसिसची शंका आहे," त्या म्हणाल्या. "शंका. अजून नक्की नाही. आपल्या नसांवर एक वेष्टण असतं. या आजारात शरीर चुकून आपलंच ते वेष्टण कुरतडतं."

"कसर लागल्यासारखं?" मी विचारलं.

"चालेल, तसंच समजा."

धाकटीने एवढंच विचारलं, "हात परत येईल?"

डॉक्टरबाईंनी थापा मारल्या नाहीत. म्हणाल्या, पुष्कळदा बरंच परत येतं, कधी थोडं राहून जातं. रक्तात डी जीवनसत्त्व फारच कमी होतं, बी-ट्वेल्व्ह काठावर होतं, थायरॉइड ठीक होतं. कमी आहे ते आधी भरून काढू, बी-ट्वेल्व्ह कमी पडलं तरीही बोटं बधिर होतात. झोप पुरी घ्या, रोज चाला, अंगावर थोडं ऊन घ्या, दुपारी तासभर पडा, उष्णतेपासून लांब राहा. हाताची रोज नोंद ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू, आणि नवा डाग दिसला तर औषध लगेच सुरू करायचं, कारण या आजारात उशीर झाला तर गेलेलं परत मिळेलच असं नाही. मी ते शेवटचं वाक्य नीट ऐकलं होतं. पुढे मी जे केलं ते ऐकलं नव्हतं म्हणून केलं, असं मला म्हणता येणार नाही.

बाहेर आल्यावर धाकटी माझ्या दंडाला धरून म्हणाली, "ताई, बाकी सगळं करीन. त्या नळकांड्यात मला परत घालू नका." पहिल्या स्कॅनच्या वेळी ती आत पाऊण तास डोळे घट्ट मिटून पडली होती आणि बाहेर आली ती कागदासारखी पांढरी.

तिचा नवरा शाळेत गणित शिकवतो. आम्ही सगळे त्याला मास्तर म्हणतो, धाकटीसुद्धा. बायकोच्या आजाराचं कळल्यावर हा माणूस रडला नाही, ओरडला नाही. बाजारातून आलेखाचा मोठा कागद घेऊन आला आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. निळी रेघ झोपेची, हिरवी खाण्याची, लाल पाळीची आणि काळी हाताची.

"पाळी दारावर?" मी म्हटलं. "मास्तर, लाज आहे की नाही काही?"

"ताई, शरीर आहे ते. लपवून उत्तर येत नाही."

आणि माणूस बरोबर निघाला. दोन महिन्यांत त्याने दाखवून दिलं की पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस तिचा थकवा दुप्पट होतो. बायकांच्या डॉक्टरांनी मान डोलावली. वय त्रेचाळीस, हार्मोन्स खाली-वर व्हायला लागले आहेत, त्यात असं होतं, त्या दिवसांत काम कमी करा. मग त्या दिवसांत मी तिला दुकानाची पायरी उतरू द्यायची नाही. ती भांडायची, पण ऐकायची.

खाण्याचं मात्र सांगता सोय नाही. दुकानात येणारा प्रत्येक माणूस वैद्य झाला. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, गहू सोड. कोट घ्यायला आलेला एक विमा एजंट म्हणाला, दूध म्हणजे विष. कुणी जवस सांगितलं, कुणी मासे, कुणी साखर बंद. एकीने हार्मोन्सचं म्हणून एक मलम आणून दिलं, रोज मनगटाला चोळायचं. त्यावर काय आहे ते एका अक्षरानेही लिहिलेलं नव्हतं. ते मी तिच्यासमोरच कचऱ्यात टाकलं. ती बाई पुन्हा आली नाही, बरंच झालं.

धाकटीने मात्र मलम सोडून सगळं केलं. गहू सोडला, साखर सोडली, दूध सोडलं. दुधाच्या चहावर जगणारी माझी बहीण सकाळी गरम पाण्यात लिंबू पिळून प्यायची आणि वर मला सांगायची, छान लागतं. सकाळी मास्तरांबरोबर चालायला जायची, परत येऊन गच्चीत बाह्या वर करून उन्हात बसायची. थकवा खरंच कमी झाला. चेहऱ्यावर रंग आला. हे सगळं खरं होतं, आणि तिथेच माझा घोळ झाला.

दारावरची काळी रेघ हाताची. दीड महिन्याने ती पुन्हा सुई घेऊन बसली तेव्हा प्रश्न आला, हात कसा मोजायचा? मास्तर म्हणाले, सोपं आहे, दुकानात रोज परीक्षा होतेच की. धाकटीचं रफू सापडलं नाही तर ठिपका वर, सापडलं तर खाली. तपासणारी मी.

पहिला कपडा एका म्हाताऱ्याचा राखाडी स्वेटर होता. धाकटीने दोन तास घेतले, एरवी तिला अर्धा पुरतो. मी डोळे मिटले, बोट फिरवलं, आणि पहिल्याच फेरीत लागलं. गाठीसारखं. डोळे उघडले तर ती माझ्या तोंडाकडे बघत होती, शाळेतली पोर निकालाकडे बघते तशी.

"नाही सापडत," मी म्हटलं.

काय हसली ती! स्वेटर घेऊन नाचायचीच बाकी राहिली. वर जाऊन स्वतःच्या हाताने काळा ठिपका काढून आली. दुपारी दोनला ती पडायला गेली, तेव्हा मी दुकानाचं दार ओढून घेतलं, स्वेटर उसवला आणि पुन्हा केला. माझं रफू तिच्यासारखं नाही, पण त्या दिवशी तिच्या रफूपेक्षा बरं होतं.

एकदा म्हटलं की मग थांबायचं कुठे? दुसऱ्या दिवशी "सापडलं" म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, काल बरा असलेला हात आज बिघडला का? तिने कपडा केला की मी खोटं बोलत गेले आणि दुपारी उसवत गेले. एरवी माझ्या तोंडाला टाळा नसतो. हे मात्र सहा आठवडे पोटात ठेवलं. काळी रेघ वर वर चढत गेली आणि घरातलं वातावरण हलकं झालं. मास्तर शीळ वाजवायला लागले. मीही कधीकधी त्या रेघेकडे बघून खूश व्हायची, म्हणजे बघा.

स्कॅन गुरुवारी होता. मंगळवारी सकाळी धाकटी वकीलबाईंचा काळा कोट घेऊन बसली होती. बाहीवर मेणबत्तीने जळालेलं भोक होतं. काळ्यावर काळं, आमच्या कामातलं सगळ्यात कठीण. मास्तरांची शाळा उशिराची होती, ते दारात टेकून उभे होते.

"ताई," ती सुईवरून नजर न काढता म्हणाली, "आम्ही ठरवलंय. गुरुवारचा स्कॅन नको."

"म्हणजे?"

"हात सुधारलाय. रेघ बघ ना. बोटांना मला अजून तेवढं जाणवत नाही, पण रफू तर पास होतंय. म्हणजे आतून बरं होतंय. जेवण लागू पडलं. आत्ता हा कोट झाला की डॉक्टरबाईंना फोन करते."

मास्तर म्हणाले, "मी आलेख घेऊन स्वतः जाणार आहे. त्यांनाही दाखवू."

तिची बोटं तिला खरं सांगत होती, आणि ती बोटांवर विश्वास न ठेवता माझ्यावर ठेवत होती. तिने कोट माझ्यापुढे सरकवला. मी डोळे मिटले. बोट फिरवायची गरजसुद्धा नव्हती.

"सापडलं," मी म्हटलं.

"थट्टा नको हं."

"सापडलं, धाकटे. हे बघ. इथे."

तिने बघितलं. मग म्हणाली, "एखादं होतं. काळा कोट आहे."

"एखादं नाही." माझा आवाज चढला. मला खोटं पचत नाही तेव्हा तो चढतोच. "सगळी सापडली. पहिल्या स्वेटरपासून. एकोणीस कपडे. मी नाही म्हटलं आणि दुपारी तू झोपलीस की उसवून पुन्हा केले. तुझा हात सुधारलेला नाही. आधीपेक्षा वाईट आहे. फोन करू नकोस."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवली. मला वाटलं, आता ती कात्री फेकून मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

"मी दूध सोडलं," ती म्हणाली. अगदी हळू. "तुला माहीत होतं आणि मी रोज सकाळी लिंबूपाणी पीत होते. आईचा कायदा मोडलास तू. माझ्यासाठी मोडलास, हेच मला सहन होत नाही." आणि जिना चढून गेली.

मी तिथेच बसून रडले. मास्तर वर गेले. थोड्या वेळाने आलेखाचा तो कागद, एक खोडरबर आणि पेन्सिल घेऊन खाली आले आणि माझ्यासमोर बसले.

"खोडू नका," मी म्हटलं. "ती रेघ माझी आहे. राहू दे."

"खोडत नाही. शेजारी दुसरी काढतो. ताई, आठवेल तेवढं सांगा. कुठला कपडा, किती पटकन सापडलं."

मला सगळं आठवत होतं. स्वेटर, पहिल्याच फेरीत. निळी पॅंट, दुसऱ्या फेरीत. शेवटचे पाच तर बोट टेकताच. मास्तर ठिपके देत गेले. एकोणीस ठिपके झाल्यावर त्यांनी पट्टी न घेता हातानेच रेघ ओढली. ती सरळ खाली जात होती. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

"तुम्हीही रागवा माझ्यावर," मी म्हटलं.

"रागावलोय," ते म्हणाले. "पण मीही तिला रोज विचारू शकत होतो, बोटांना काय वाटतं. मी रेघ बघत बसलो."

बुधवारभर धाकटी माझ्याशी बोलली नाही. आमच्या घरात अबोला धरायचं काम माझं, तिला ते नीट जमतही नव्हतं. मीठ हवं असलं की मास्तरांना सांगायची, "त्यांना सांगा मीठ द्या." त्या म्हणजे मी. गुरुवारी सकाळी मात्र मी चपला घालून दारात उभी राहिले, तेव्हा नको म्हणाली नाही.

स्कॅनच्या खोलीबाहेर बाईने सांगितलं, अंगावर धातूचं काही नको. धाकटीने कानातलं काढलं, अंगठी काढली, सगळं मास्तरांकडे दिलं. मग तिचा हात आपोआप कॉलरकडे गेला. आम्हा दोघींच्या कॉलरमध्ये नेहमी एक सुई टोचलेली असते, झोपताना काढतो तेवढीच. त्या दिवशी दुकानात जायचं नव्हतं तरी सवयीने तिने खोवली होती. ती काढून तिने माझ्यासमोर धरली.

"धर," ती म्हणाली. दोन दिवसांतला पहिला शब्द. "आणि मी आत किती वेळ होते ते बाहेर आल्यावर खरं सांग. उगाच पाच मिनिटं म्हणू नकोस."

"नाही म्हणणार."

ती बाहेर आली तेव्हा घामाने भिजली होती. मी घड्याळ पुढे केलं. "एक्केचाळीस मिनिटं."

"मला दोन तास वाटले," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली. माझ्या हातातली सुई तिला लागू नये म्हणून मी तो हात लांब धरला होता. तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला वाटलं असेल, ही बाई कुणाला थांबवतेय.

नवे डाग दोन निघाले. शंका राहिली नाही. डॉक्टरबाईंनी दोन्ही रेघा शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "दुसरी रेघ वेळेवर आणलीत." त्यांना एवढंच बोलायचं होतं आणि मला तेवढं पुरलं. औषध त्याच आठवड्यात सुरू झालं. डी चालू ठेवा, म्हणाल्या. चालणं, झोप, दुपारची विश्रांती, पाळीच्या आधीच्या दिवसांत कमी काम, हे सगळं उत्तम, अजिबात सोडू नका. भाज्या, मासे, जवस खुशाल खा. पण हे सगळं औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नाही. गहू आणि दूध सोडल्याने हा आजार थांबतो असा पुरावा नाही.

"म्हणजे दुधाचा चहा चालेल?" धाकटीने विचारलं.

"चालेल."

आयुष्यभराचं औषध लिहून मिळत होतं आणि आमची बाई त्या चहावर हसली. मला तिचा इतका राग आला आणि इतकं प्रेम आलं, की मी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

हात कधी येईल, येईल का, ते अजून कुणालाच माहीत नाही. औषधाने पुढची पडझड थांबावी, एवढी आशा. त्यानंतर काही दिवस तिने दुकानात यायचंच सोडलं. वरून सांगायची, "मी येऊन करू काय? तुझ्याकडे बघत बसू?"

वकीलबाईंचा काळा कोट तसाच पडला होता. त्यांच्याकडे दुसरा होता म्हणून घाई नव्हती. मी तो तीनदा केला आणि तीनदा उसवला, स्वतःच. कायद्याप्रमाणे मी स्वतः तपासायचं नाही, पण दुसरी होतीच कुठे? चौथ्यांदा केला तेव्हा वाटलं, आता जमलं. नेमकी धाकटी तेव्हा कप घेऊन खाली आली. दुधाचा चहा, माझ्यासाठी एक, तिच्यासाठी एक. मी जुन्या सवयीने कोट तिच्यापुढे सरकवला. मग लक्षात आलं, तिची बोटं! मी जीभ चावली आणि कोट मागे ओढायला गेले.

तिने तो धरून ठेवला.

क्षणभर बाहीवर बोटं फिरवली. काही लागलं नसणार, ते तिच्या तोंडावर दिसलं. मग तिने डोळे मिटले, बाही दोन्ही हातांनी उचलली आणि वरच्या ओठाला लावली. हळूहळू सरकवत गेली. आईसुद्धा अशीच मान जराशी वाकडी करायची. मधेच ती थांबली, थोडी मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"सापडलं," ती म्हणाली.

"कुठे?"

तिने डोळे न उघडता हनुवटीने दाखवलं. बरोबर तिथेच. शेवटचे दोन धागे मी घाईने ओढले होते, तिथेच.

"नीट बघ," मी म्हटलं. "उगाच माझ्या कामात खोट काढू नकोस."

"सापडलं म्हणजे सापडलं. त्यावर वाद नाही." तिने डोळे उघडले, कॉलरमधली सुई काढून माझ्या हातात दिली आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली. "उसव. आणि रडू नकोस, कोट ओला होतोय."